शनिवारची तारीख

मागची तारीख टाकायला दोन बोटे पुरतात. रबरी शिक्क्यावर लहान लहान चाके असतात, एक दिवसाचे, एक महिन्याचे, एक वर्षाचे. नखाने दिवसाचे चाक दोन घरे मागे सरकवायचे, शाईच्या पॅडवर दाबायचे आणि कागदावर ठेवायचे. झाला सोमवारचा शनिवार. वीस वर्षे मी हे केले आणि त्यात कधी मला पाप वाटले नाही. एकदा सोडून. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहा म्हणाले, म्हणून ते एकदाचेच लिहिते आहे. बाकीच्यांत ऐकण्यासारखे फार नाही.

मी चौथी शिकले, धारच्या मराठी शाळेत. वडील संस्थानच्या पागेत होते. संस्थान गेले, पागा गेली, घोड्यांची नावे तेवढी वडिलांच्या तोंडात राहिली. लग्न होऊन देवासला आले. नवरा कारखान्यात होता. तो गेल्यावर एका शाळेत बाई म्हणून लागले. बाई म्हणजे शिकवणारी नव्हे. घंटा देणारी, पाणी भरणारी, टपाल नेणारी. शाळेचे नाव सांगत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता.

त्या शाळेच्या मागच्या तीन खोल्यांत दर रविवारी शिक्षकांचे केंद्र भरायचे. बाहेरच्यांना हे समजत नाही म्हणून सांगते. खेड्यापाड्यांत खूप मास्तर असे होते की ज्यांनी शिकवायला आधी सुरुवात केली आणि शिकवायचे कसे ते नंतर शिकले. टोल्यावर, म्हणजे दहा-वीस घरांच्या वस्तीवर, शाळा उघडायची तर दहावी-बारावी झालेला जो कोणी सापडेल त्याला लावत. त्याला म्हणत गुरुजी. बाई असली तरी गुरुजीच. नोकरी चालू ठेवून घरबसल्या अभ्यास करायचा, दोन वर्षांत परीक्षा द्यायची, मग ते खरे मास्तर. पुस्तके टपालाने येत. रविवारी केंद्रात यायचे, वह्या द्यायच्या, शंका विचारायच्या.

केंद्राचे प्रमुख आमच्याच शाळेचे एक शिक्षक होते. त्यांना सगळे सर म्हणत, मीही म्हणते. तेही धारचे, मराठी. शनिवारी शाळा सुटली की घरी धारला जायचे आणि रविवारी सकाळी पहिल्या बसने परत. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. सरकारी वस्तू मोडली तर पेन्शन जाईल, ही त्यांची एकच भीती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी केंद्रावर टीव्ही आला आणि गच्चीवर डिशची ती मोठी छत्री बसली. शिकवणारे भोपाळला बसणार, ते टीव्हीत दिसणार, आणि आमच्या मास्तरांनी टेलिफोनवरून त्यांना प्रश्न विचारायचे. छत्रीवर लंगूर बसले की भोपाळच्या मॅडमच्या तोंडावर मुंग्या यायच्या. मग मी बांबू घेऊन गच्चीवर. खालून कोणीतरी ओरडायचे, "काकीजी, थोडा और, थोडा और, बस, आ गई मॅडम."

फोन लावणेही माझ्याकडेच. तो नंबर लागता लागत नसे आणि मास्तर लोक दोनदा फिरवून कंटाळत. मी कंटाळत नसे. लागला की म्हणायचे, "देवास केंद्र से बोल रही हूँ." एकदा लागला आणि प्रश्न विचारायला कोणी उठेना. सगळ्यांच्या माना खाली. पलीकडून मॅडम टीव्हीत हसून म्हणताहेत, "हाँ देवास, पूछिए." मग मीच म्हणाले, "मॅडम, आप जल्दी बोलती हैं. ये लोग सुबह की पहली बस से आए हैं. आधे सो रहे हैं." टीव्हीत मॅडमचे हसणे थांबले. पण नंतर हळू बोलल्या. केंद्रावरून आलेला उपयोगी प्रश्न तो एकच, असे सर पुढे कित्येक वर्षे चिडून सांगत.

त्यानंतर सरांनी प्रश्न आधीच चिठ्ठ्यांवर लिहून द्यायला सुरुवात केली. एक चिठ्ठी रामकुंवरला मिळाली.

रामकुंवर लोहारद्याच्या पुढच्या एका टोल्यावर गुरुजी होती. त्या टोल्यातली बारावी झालेली ती एकटीच सून. दोन बस बदलून यायची, डोक्यावर पदर, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. तिच्या चिठ्ठीवर लिहिले होते, बालकेंद्रित शिक्षण म्हणजे काय. तिने चिठ्ठी दुमडून मुठीत धरली आणि फोनवर आपल्या माळवीत, 'मी'ला 'हूँ' म्हणत, विचारले, "मॅडम, एक कमरा हे, पाँच कक्षा हे, ने हूँ एकली हूँ. हूँ पाणी भरवा जाऊँ जद कोण पढ़ावेगो?"

मॅडम म्हणाल्या, बहुत अच्छा प्रश्न है, हम इस पर लौटेंगे. लौटल्या नाहीत. फोन ठेवल्यावर सर रामकुंवरवर बरसले. "जो लिख के दिया वो बोलना था." ती म्हणाली, "वो तो किताब में लिख्यो हे, सर. वो कई पूछूँ?"

तेव्हापासून ती जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर येऊन बसायची. आम्ही फार बोलत नसू. ती वह्या लिहायची, मी कप धुवायचे. एकदा मी तिला सहज म्हणाले की चौथीत अपूर्णांक होते, अर्धा आणि तिसरा भाग मिळवा म्हणायचे, मला ते कधीच कळले नाही, छड्या तेवढ्या कळल्या. तिने डब्यातल्या दोन रोट्या काढल्या. एकीचे दोन तुकडे केले, दुसरीचे तीन. म्हणाली, "अब मिलाओ. नी मिले नी? टुकड़ा बराबर का नी हे. पेलाँ दोई का टुकड़ा बराबर का करणा पड़े." मग दोन्ही रोट्यांचे सहा-सहा तुकडे पाडले. अर्ध्याचे तीन, तिसऱ्या भागाचे दोन. पाच. पन्नाशी उलटल्यावर मला अपूर्णांक कळले, ते त्या बाकावर. मग आम्ही ते तुकडे खाल्ले.

ही बाई गणितात दोनदा नापास झाली. तिसरी वेळ शेवटची. नियमच तसा होता. त्या वर्षी पास झाली तर गुरुजी राहणार, नाहीतर त्या जागी दुसरा. सासरा आधीच म्हणत होता, रविवारी-रविवारी देवासला कशाला जाते, कापणी कोण करणार. नवरा काही म्हणत नव्हता. तिच्या टोल्यावरची बावीस पोरे तिने एकेक घरी जाऊन गोळा केली होती. पाच-सहा पोरींची नावे तिनेच ठेवली होती, कारण शाळेत घालायला आणल्या तेव्हा घरच्यांनी नावेच ठेवलेली नव्हती. त्या शाळेसाठी ती येत होती, पगारासाठी कोणी दोन बस बदलणार नाही इतका थोडा तो पगार होता.

आता शिक्क्याविषयी. वह्यांना, फॉर्मांना शेवटची तारीख असायची. आमच्याकडे शेवटच्या तारखेचा अर्थ, त्या दिवसापासून लोक यायला लागतात. कोणाची बस चुकलेली, कोणाचे मूल आजारी, कोणाच्या गावचा नाला चढलेला. आवक शिक्का ऑफिसातल्या बाबूंनी माझ्या हातात देऊन टाकला होता. मी माणूस बघायचे, कारण ऐकायचे आणि चाक मागे सरकवायचे. नेमावरचा एक मास्तर पुरामुळे आठ दिवस उशिरा आला, त्याला मी आठ घरे मागे नेले. भोपाळच्या कागदावर सगळे वेळेत. कोणाचे नुकसान झाले नाही, कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही. लोक पाया पडायचे. मला ते आवडायचे, खोटे कशाला सांगू. चौथी शिकलेल्या बाईच्या दोन बोटांवर बारावी झालेल्यांचे वर्ष अवलंबून असायचे.

मग दोन कॉम्प्युटर आले. सरांनी खोलीला कुलूप लावले, किल्ली माझ्या कमरेला दिली आणि सांगितले, "काकू, मी नसताना देवाला सुद्धा उघडायचं नाही." आत चपला बंद. कॉम्प्युटरवर सरांच्या बायकोने विणलेली क्रोशाची झाकणे. कॉम्प्युटर शिकवायचा तास होता, तो सर बाहेरच्या वर्गात घेत. पुठ्ठ्यावर सगळी बटणे काढलेली होती. मास्तर लोक आळीपाळीने पुठ्ठ्यावर बोटे आपटत आणि सर म्हणत, हाँ, अब एंटर दबाओ. ते दाबत. पुढे काय होते ते कोणी पाहिलेले नव्हते. तपासणीला साहेब आले की झाकणे काढायची, उदबत्ती लावायची, साहेब गेले की पुन्हा झाकायची.

माझे निवृत्तीचे वर्ष होते, आणि रामकुंवरच्या तिसऱ्या परीक्षेचेही. त्या वर्षी भोपाळहून कळवले की परीक्षेचा फॉर्म आता कागदावर नाही, कॉम्प्युटरवर भरायचा. शेवटची तारीख शनिवार. सरांनी दोन रविवार बसून बहुतेकांचे फॉर्म स्वतः भरून दिले. ते दोन्ही रविवार रामकुंवर आली नाही. सासूचे हाड मोडले होते.

ती आली शनिवारी, अकरा वाजता. शाळा अर्ध्या दिवसाची होती आणि सर त्या दिवशी सुट्टी टाकून बदनावरला लग्नाला गेले होते. मी ऑफिसातून फोन लावला. मोबाईल त्यांच्याकडे होता, पण लागत नव्हता. धारला घरी लावला, कोणी उचलला नाही. पाच-सहा वेळा लावला.

रामकुंवर व्हरांड्यात बसली होती. म्हणाली, "काकीजी, आप खोल दो. गत्ता पे तो म्हने सब आवे."

"पुठ्ठ्यावर येतं आणि मशीनवर येतं, यात फरक आहे," मी म्हणाले. मी रागावले की मराठीत बोलते. तिला समजायचे. "बिघडलं तर सर मला फाडून खातील. पेन्शनला चार महिने राहिलेत माझ्या."

ती गुडघ्यावर बोटे ठेवून पुठ्ठ्यावरच्यासारखी हलवत होती. ती उजळणी करत होती, हे मला दिसत होते.

थोड्या वेळाने म्हणाली, "बस अड्डा के पास एक भिया की कम्प्यूटर की दुकान हे. वो फॉर्म भर दे. हूँ वाँ जाऊँ?"

इथे मी काय केले ते नीट लिहिते. तिला जाऊ द्यायला हवे होते. तिच्याजवळ वेळ होता, कागद होते, डोके होते. मी म्हणाले, "तिथे पोरं काय काय बघत बसलेली असतात. तुझे मार्कशीटचे कागद त्यांच्या हातात देणार? कोण कुठला तो भिया. काही गरज नाही." आणि मग म्हणाले, "मी आहे ना. कागदावर फॉर्म भरून दे. शनिवारचा शिक्का लावते. सोमवारी सर मशीनवर चढवतील. आजवर माझा शिक्का भोपाळने परत केलाय का?"

"काकीजी, म्हारो काम वई जायगो नी?"

"झालंच समज."

तिने जुना कागदी फॉर्म भरला. अक्षर सुंदर होते तिचे, फळ्यावर लिहिणाऱ्याचे असते तसे, गोल आणि मोठे. मी शिक्का लावला. त्या दिवशी तर चाक सरकवायचीही गरज नव्हती, शनिवारच होता. मी तिला चहा दिला आणि दोनच्या बससाठी फाटकापर्यंत सोडले. जाताना ती हसली. बस अड्ड्यावरून, त्या भियाच्या दुकानासमोरूनच तिची बस सुटत होती.

रविवारी केंद्राला सुट्टी होती. सोमवारी सर आले. मी कागद पुढे केला. त्यांनी कुलूप काढले, झाकण काढले, कॉम्प्युटर चालू केला. मी दारात चपला काढून उभी. पान उघडले. त्यावर लाल अक्षरांत एक ओळ होती. सरांनी ती दोनदा वाचली.

"काकू, बंद झालं. शनिवारी रात्री बारा वाजता आपोआप बंद झालं."

"मग शनिवारची तारीख टाका."

"कुठे टाकू?"

मी शिक्का घेऊन गेले होते बरोबर. खरेच. हातात होता. सरांनी त्याच्याकडे पाहिले. त्या माणसाने मला तेव्हा किंवा नंतर कधी बोल लावला नाही, एवढे त्याचे ऋण आहे.

सरांनी भोपाळला फोन केला. उत्तर आले, सिस्टिममध्ये नाव नाही तर नाही. मग फोन मी घेतला. "देवास केंद्र से बोल रही हूँ. फॉर्म शनिवार को आ गया था. शनिवार की मोहर लगी है, आप देख लीजिए."

पलीकडे कोणी तरुण मुलगा होता. उद्धट नव्हता. म्हणाला, "माताजी, मैं मान रहा हूँ. पर मोहर मैं इसको कैसे दिखाऊँ?"

इसको म्हणजे मशीनला. इतकी वर्षे मी फोन लावत होते त्या टोकाला कोणी तरी माणूस असायचा. चिडका असेल, झोपलेला असेल, पण ऐकणारा. त्या दिवशीही माणूसच होता, फक्त त्याच्या हातात काही नव्हते. पुढच्या चार-पाच दिवसांत मी त्याला पुन्हा तीनदा फोन केला. शेवटच्या वेळी त्याने माझा आवाज ओळखला आणि स्वतःच माफी मागितली.

टोल्यावर फोन नव्हता. रामकुंवर पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे आली. मी तिला फाटकातच सांगितले, कारण वर्गात कोणी दुसऱ्याने सांगावे हे बरे नव्हते. तिने ऐकले. विचारले, "तो पेपर नी दूँ?"

"नाही."

"अगले साल?"

"तुझं अगला साल नाहीये, रामकुंवर. हे शेवटचं होतं."

ती पिशवीची शिवण चाचपत उभी राहिली. मग आत गेली, वर्गात नेहमीच्या जागी बसली आणि वही काढली. दिवसभर लिहून घेत होती. मी दोनदा खिडकीतून पाहिले. तिची बस पाचला होती, त्याच्या आधी जायला काही नव्हते. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या बाकावर आली नाही. त्यानंतर केंद्रावरही आली नाही.

चार महिन्यांनी माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणे. सर म्हणाले, काकूंनी कित्येकांची वर्षे वाचवली. टाळ्या पडल्या. मी खुर्चीवर बसून त्या ऐकल्या. खोलीतल्या वस्तूंची यादी देताना किल्ली दिली, शिक्का दिला. एक कागद दिला नाही, कारण तो कुठल्याच यादीत नव्हता.

वर्षा-दोन वर्षांनी आमच्या गल्लीतल्या बायका नेमावरला नर्मदास्नानाला निघाल्या. मी त्यांच्याबरोबर निघाले, पण वाटेत उतरले आणि लोहारद्याची बस धरली. पुढे एका ट्रॅक्टरवर बसून टोल्यावर गेले. शाळा ती सांगायची तशीच होती, एक खोली आणि पुढे पडवी. खोलीला कुलूप होते. नवे प्रशिक्षित मास्तर बुधवारी आणि शनिवारी येतात, असे एका म्हाताऱ्याने सांगितले. त्या दिवशी गुरुवार होता.

पडवीच्या कडेला चूल होती आणि चुलीपाशी रामकुंवर रोट्या भाजत होती. शाळेत पोरांना जेवण मिळते ना, ते शिजवायचे काम तिला लागले होते. पंधरा-सोळा पोरे पडवीत बसून पाढे म्हणत होती. एक पोरगी तेराचा पाढा चुकली, तर रामकुंवरने पाठमोरी राहूनच बरोबर आकडा सांगितला आणि रोटी उलटली.

मला पाहून ती उठली, हात पुसले, पाया पडली. मी नको म्हणेपर्यंत पाया पडून झाले होते. खाट टाकली. सासू वारली होती. सासरा आता काही म्हणत नव्हता, कारण रविवारी ती कुठे जात नव्हती. मी रोटी खाल्ली. बोलायला काही तयार करून आणले होते, ते आठवेना. मग ब्लाऊजमधून कागद काढून तिला दिला.

तिने फॉर्म उघडून पाहिला. स्वतःचे अक्षर पाहिले. खाली कोपऱ्यात माझा शिक्का होता, त्यावर बोट फिरवले. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आले नाही, आणि मी जन्मभर चेहरे बघूनच तारखा टाकल्या होत्या.

"तारीख तो सही लगी हे, काकीजी," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.

तिने कागद होता तसा घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि चुलीकडे वळली, कारण तव्यावरची रोटी करपायला लागली होती.